पोकळ पोटाची गिटार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रिले आणि लहान ट्रान्सफॉर्मर बनवणारं एक वर्कशॉप होतं. तिथे कॉइल भरायला नऊ बायका बसायच्या. त्यांत शेवंती नाखवाचा हात सगळ्यांत हलका. सुपरवायझर तसं तिच्या तोंडावर कधी म्हणाला नाही, पण नवीन आलेल्या बाईला तो शेवंतीच्याच शेजारी बसवायचा. शेहेचाळीस गेजची तांब्याची तार केसाहून बारीक असते. ओढ जरा जास्त झाली की तुटते, कमी झाली की वेढे सैल पडतात. शेवंती दिवसभर ती तार डाव्या हाताच्या दोन बोटांतून सोडत बसायची आणि तिच्या मशीनवर तार आठवड्यातून एखाद्या वेळीच तुटायची.

ती चेंदणी कोळीवाड्यातली. बाप गोमाजी खाडीत होडी घेऊन जायचा, आई आवडाबाई बाजारात मासळी विकायची. खाडीत मिळणारं दरवर्षी कमी होत चाललं होतं, आणि टोपली डोक्यावर घ्यायची शेवंतीची तयारी नव्हती, म्हणून मॅट्रिक झाल्यावर ती कंपनीत लागली. १९८४ साली ती बावीस वर्षांची होती.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, एक बाई वर्कशॉपमध्ये आली. हातरुमालात काहीतरी गुंडाळून आणलेलं. नाव प्रमोदिनी खांबेटे, डोंबिवलीच्या एका शाळेत संगीत शिकवायची. सुपरवायझरने रुमाल उघडून पाहिला आणि आम्ही असली फुटकळ कामं घेत नाही, असं सांगून तो जेवायला निघून गेला. बाई तिथेच उभी राहिली. शेवंती डबा उघडत होती, तिने विचारलं, "कशातलं आहे ते?"

"गिटारमधलं. पिकअप म्हणतात याला. तार हलली की आवाज यातून पुढे जातो. आता जात नाही."

शेवंतीने दोन टोकांना मीटर लावून पाहिला. काटा हलला नाही.

"आतल्या टोकाला तुटलंय. वरून जोड देता येणार नाही. सगळी तार काढून नवीन भरायला लागेल."

"कल्याणला दोन दुकानांत दाखवलं. दोघांनी टाकून द्या म्हणून सांगितलं."

"तार आमच्याच गेजची आहे," शेवंती म्हणाली. "भरून देते. पण ते चालतं की नाही हे इथे कळणार नाही. वाद्य बघायला लागेल."

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने ते काम केलं. साडेसात हजार वेढे बसले. रविवारी ती डोंबिवलीला गेली.

प्रमोदिनीबाईंच्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर ती गिटार ठेवलेली होती. शेवंतीने गिटार लांबूनच पाहिलेली, स्टेजवर, पातळ फळीसारखी. ही वेगळी होती. व्हायोलिन फुगवून मोठं करावं तशी. मधे मधाचा रंग, कडेला जात जात काळपट तपकिरी, आणि पोटावर दोन बाजूंना दोन वळणदार चिरा. चिरेतून आत पाहिलं तर अंधार आणि धूळ. चारच तारा, त्यांतली सगळ्यांत जाड पेन्सिलीच्या शिशापेक्षा जाड. तारा ज्या लाकडी घोडीवरून जात होत्या ती घोडी चिकटवलेलीही नव्हती, तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली.

"ही बेस गिटार," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एक ड्रायव्हर होते, अँग्लो-इंडियन. रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या डान्सला वाजवायचे. ते गेले आणि त्यांची बायको मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चालली. घरातलं सगळं विकलं, ही राहिली होती."

शेवंतीने पिकअप बसवून सोल्डरचे टाके मारले. प्रमोदिनीबाईंनी अँप्लिफायर चालू केला आणि जाड तार अंगठ्याने ओढली. आवाज कानाला लागला त्याच्या आधी फरशीतून पायाला लागला. शेवंतीने हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"परत वाजवा," ती म्हणाली.

प्रमोदिनीबाईंनी परत वाजवली. मग दुसरी तार, मग तिसरी. शेवंतीने सांगितलं की चौथ्या तारेचा आवाज थोडा कमी येतो, चुंबक एका बाजूला कललंय, आणि ते सरळ केलं. काम झालं. ती सामान आवरायला लागली.

प्रमोदिनीबाईंनी नुकताच सुरंगी नावाचा महिला वाद्यवृंद काढला होता. आठ जणी होत्या. शुभदा गायची, सुमेधा अ‍ॅकॉर्डियन वाजवायची, ढोलकीलाही बाईच होती. बेसला कोणी नव्हतं. प्रत्येकीला गायचं असायचं, नाहीतर निदान असं काही वाजवायचं असायचं जे लोकांना ऐकू येतं.

"तुला ताल कळतो?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. मशीनचा कळतो. बेल्ट घसरला की आवाजावरून कळतं."

"मग पुढच्या रविवारी ये."

शेवंतीने का म्हणून विचारलं नाही. पुढच्या रविवारी ती गेली.

शिकायला तिला फार वेळ लागला नाही. प्रमोदिनीबाई सारेगममध्ये सांगायच्या, शेवंती कुठल्या तारेवर, मानेवरच्या कुठल्या फ्रेटमध्ये काय आहे हे कंपनीच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची. तिला गाणं कळत होतं असं नाही. शब्दांकडे तिचं लक्षच नसायचं. पण एकदा धरलेली लय ती सोडत नसे, आणि सुमेधा उत्साहात पुढे पळाली तरी शेवंती तिच्या मागे पळत नसे. चार-सहा महिन्यांत बाकीच्या आठ जणी, आपल्याही नकळत, तिच्यावर टेकून वाजवायला लागल्या.

अडचण आली ती कंपनीत. गिटारच्या तारा दाबून डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले आणि त्याच बोटांतून ती तार सोडायची. घट्ट्यांतून तारेची ओढ कळेना. एका आठवड्यात अकरा वेळा तार तुटली. सुपरवायझरने विचारलं, घरी काही झालंय का. शेवंती नाही म्हणाली. मग तिने उजव्या हाताने तार सोडायचा सराव केला, मशीनचं बटण डावीकडे घेतलं. दोन महिने तिचा माल सगळ्यांत कमी निघाला. तिसऱ्या महिन्यात पहिल्यासारखा झाला. कंपनीत तिने कारण कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात गिटारची पाठ सुटली. दमटपणाने सांधा उकलला आणि पाठीमागे नखभर फट दिसायला लागली. शेवंती ती घरी घेऊन आली. गोमाजी अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने गिटार मांडीवर घेतली, बोटाच्या पेराने पोटावर, पाठीवर, कडेला ठोकून पाहिली.

"पोकल हाय," तो म्हणाला. "फली तासलेली नाय, वाकवलेली हाय. कोनी केली?"

"माहीत नाय. बाहेरची हाय."

"खिला मारू नको हिला. फुटंल." तो उठला, सुताराकडून सरस घेऊन आला, गरम करून काडीने सांध्यात भरला. मग गिटारला गोधडी गुंडाळून वरून दोरी आवळली आणि दोरीखाली लाकडी पाचरी ठोकत गेला, एक इकडे, एक तिकडे, होडीची फळी बसवतात तशी. तीन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. आवडाबाई बाजारातून आली, गोधडीत बांधलेलं ते पाहिलं आणि म्हणाली, "मानूस आजारी असता तर तुमी येवढा केला नसता." पाठ नीट बसली. नंतर त्याने जुन्या शिडाच्या कापडाची गवसणीही शिवून दिली.

सुरंगीचे कार्यक्रम वाढत गेले. वर्तकनगरच्या वसाहतींमधले गणपती, डोंबिवलीची मंडळं, कल्याणला व्यापाऱ्यांची स्नेहसंमेलनं, हळदीकुंकू, शाळांचे समारंभ. मोठ्या स्टेजवर एक नवीनच गोष्ट कळली. आवाज वाढवला की गिटारचं पोकळ पोट स्पीकरचा आवाज आत घ्यायचं आणि आपोआप घुमायला लागायचं. घुमणं वाढत वाढत सगळ्या हॉलभर भोंगा वाजल्यासारखं व्हायचं. शेवंतीने जागा बदलून पाहिल्या. स्पीकरकडे पाठ करून, स्टेजच्या अगदी कडेला, पडद्याजवळ तिरकं उभं राहिलं की घुमत नसे. मग ती तिथेच उभी राहायची. लोकांना शुभदा दिसायची, सुमेधा दिसायची. शेवंतीचा फक्त खांदा दिसायचा, आणि पडदा हलला तर तोही नाही.

घरी तिच्यासाठी दोन स्थळं आली आणि परत गेली. मुलगी स्टेजवर असते, असं दोन्हीकडून कळवण्यात आलं. आवडाबाई चिडली. "ती दिसते तरी का स्टेजवर," असं ती मध्यस्थाला म्हणाली. गोमाजी म्हणाला, जाऊ दे.

१९८७ च्या सुरुवातीला ठाण्यातल्या एका कार्यक्रमाला पंढरीशेठ आला होता. कोळी आणि आगरी गाण्यांच्या कॅसेट काढणारा माणूस. चाली, वादक, स्टुडिओ सगळं तोच बघायचा. कार्यक्रम संपल्यावर तो प्रमोदिनीबाईंना भेटला.

"बाई, ती गिटार मला दोन दिवस पाहिजे. हल्ली जी गिटार येते ती टणटण वाजत राहते. ही धप्प करते आणि थांबते. ढोलकीच्या खाली बसते एकदम."

"गिटार वाजवणारी ती उभी आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"वाजवायला माझा काळुराम आहे. कॅसेटचं काम वेगळं असतं."

प्रमोदिनीबाईंनी गिटार द्यायचं कबूल केलं, पण तिच्याबरोबर शेवंती येईल असं सांगितलं. शेवंतीने कंपनीतून दोन दिवसांची रजा काढली आणि मुंबईच्या त्या स्टुडिओत कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

काळुराम डोंबिवलीजवळच्या एका गावचा, आगरी, तिच्याच वयाचा. हात तयार होता. पण गाणं काळी चारच्या पट्टीत होतं आणि वरचा पंचम यायचा तो नेमका बारीक तारेवर आठव्या फ्रेटला. त्या गिटारवर तो एक सूर उठायचाच नाही. बाकी सगळीकडे घुमायची, तिथे बोट ठेवलं की ठोकळा वाजवल्यासारखं व्हायचं. काळुरामने जोर लावला. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ओढताना घोडी जागेवरून सरकली आणि सगळ्या तारा बेसूर झाल्या. पंढरीशेठने घड्याळाकडे पाहिलं.

"घोडी सरकली," शेवंती कोपऱ्यातून म्हणाली.

तिने येऊन तारा थोड्या सैल केल्या, घोडी पूर्वीच्या खुणेवर आणली, परत लावून दिल्या. काळुराम म्हणाला, "हा सूर मेलेलाच आहे का ताई?"

"हो. कितीही ओढला तरी येत नाही. लाकडातच आहे ते."

"मग तुम्ही काय करता?"

"सोडून देते."

"सोडून?"

"तिथे थांबायचं. आणि खालच्या पंचमावर यायचं. हात तिथून इथे न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढं गप्प."

पंढरीशेठ म्हणाला, "वाजवून दाखव."

तिने दाखवलं. ढोलकीवाला आपण होऊन तिच्याबरोबर सुरू झाला. ती जागा आली, बेस गप्प झाला, ढोलकी एकटीच वाजली आणि मग खालचा पंचम धप्पकन येऊन पडला. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्याने मान वर केली. पंढरीशेठ काळुरामकडे वळला. मग म्हणाला, "काळुराम, तू खुळखुळा घे."

त्या दोन दिवसांत शेवंतीने सहा गाणी वाजवली.

कॅसेट लग्नसराईच्या तोंडावर आली आणि त्यातलं ते काळी चारचं गाणं उचललं गेलं. ठाण्यापासून शीळफाट्यापर्यंत एक हळद त्याच्याशिवाय होईना. वरातीतले बेंजोवाले ते वाजवायला लागले आणि वाजवताना ती गप्पची जागाही जशीच्या तशी ठेवायला लागले. नाचणारे त्या जागेवर गुडघ्यात वाकून थांबायचे आणि पंचम पडला की उठायचे. असं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शेवंतीला कॅसेट पहिल्यांदा हातात मिळाली ती शेजारच्या मंजुळाच्या घरी. तिने कव्हर उघडून आतला कागद वाचला. बेस गिटार, काळुराम. खाली बाकीच्यांची नावं. तिने कागद घडी घालून परत ठेवला आणि मंजुळाने दिलेला चहा प्यायला.

पंधरा दिवसांनी काळुराम स्वतः कोळीवाड्यात घर शोधत आला. बराच वेळ तो खाडी, मासळी, पाऊस असलं काहीबाही बोलला. मग म्हणाला, "ताई, कव्हर आधीच छापून झालेलं. रेकॉर्डिंगच्या आधी."

"बरं."

"मी पंढरीशेठला बोललो. तो म्हणतो आता काय करणार."

"बरं."

"त्रास असा आहे की लोक मला विचारतात. ती जागा तुला सुचली कशी. आमच्या गावात माझा सत्कार ठेवलाय."

शेवंतीला पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "मग काय सांगणार?"

"तेच विचारायला आलो."

"सूर मेलेला आहे म्हणून सांगा."

"माझ्या गिटारवर तो सूर जिवंत आहे. लोक म्हणतील वाजवून दाखव."

शेवंतीने त्याला ती जागा नीट शिकवली. कुठलं बोट आधी उचलायचं, गप्प बसताना बाकीच्या तारा तळहाताने कशा दाबायच्या. तो तासभर बसला. जाताना तो म्हणाला की सत्काराला तो तिचं नाव घेईल. घेतलं की नाही हे तिला कळलं नाही. तिने चौकशी केली नाही. पण आवडाबाईच्या मनातून ते गेलं नव्हतं. "तुजं काम, तुजं नाव. सांग त्यांना," असं ती रोज जेवताना म्हणायची. शेवटी शेवंतीने पंढरीशेठला एक पत्र लिहिलं. चार ओळींचं. पुढच्या वेळी कॅसेट छापाल तेव्हा नाव दुरुस्त करावं, खाली पूर्ण नाव दिलं आहे.

वर्षभराने दुसरी आवृत्ती निघाली. त्यात छापलं होतं, बेस गिटार, शेवंत नाखवा.

"बाप्याचं नाव केलं," आवडाबाई म्हणाली.

"एक वेलांटी राहिली," शेवंती म्हणाली. दुसरं पत्र तिने लिहिलं नाही.

पुढच्या पाच-सहा वर्षांत हळूहळू सुरंगीचं काम कमी झालं. शुभदाचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. सुमेधाच्या जागी एक कीबोर्ड आला आणि त्या कीबोर्डच्या डाव्या बाजूला बेसही वाजायचा, घुमायचा नाही आणि कुठला सूर मेलेलाही नव्हता. १९९३ च्या दिवाळीनंतर प्रमोदिनीबाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं, बटाटेवडे केले आणि आता थांबू या म्हणून सांगितलं. त्यांचा आवाज बसला होता, शाळेतूनही त्या निवृत्त होणार होत्या. बाकीच्या रडल्या. शेवंतीला रडू आलं नाही, तिचं लक्ष दिवाणावरच्या गिटारकडे होतं.

सगळ्या गेल्यावर प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "ही घेऊन जा."

"तुमची आहे."

"मी नऊ वर्षांत चार वेळासुद्धा हातात घेतली नाही. अर्धी तर तुम्ही बापलेकीने नव्याने केली आहे. मी काय करू हिचं?"

शेवंतीने थोडा विचार केला. अँप्लिफायर नको म्हणाली, त्याला घरात जागा नव्हती. गवसणी चढवली आणि निघाली.

घरी ती विजेशिवायच वाजवायची. फळीच्या गिटारला तसं वाजवलं तर डासाएवढाही आवाज येत नाही. हिला पोट होतं, खोलीपुरता आवाज यायचा. गोमाजीला एव्हाना ऐकू कमी येत होतं. होडीला मशीन बसवल्यापासून कान गेले, असं तो म्हणायचा. शेवंती वाजवायला बसली की तो शेजारी बसून गिटारच्या पाठीला तळहात लावायचा, ज्या सांध्यात त्याने सरस भरला होता त्याच्या जरा वर. कंटाळा आला की हात काढून घ्यायचा.

पुढच्या वर्षी दामाजीचं स्थळ आलं. कल्याणच्या खाडीकडचा कोळी, एसटीत ड्रायव्हर, कल्याण डेपोला. पहिली बायको पाच वर्षांपूर्वी गेलेली, मूल नव्हतं. शेवंती तेव्हा बत्तीस वर्षांची. तो एकटाच आला, मध्यस्थाशिवाय, ड्युटी संपवून, खाकी कपड्यांतच. चहा झाला. भिंतीला टेकवलेल्या गवसणीकडे त्याचं लक्ष गेलं.

"ते काय आहे?"

"गिटार. बेस."

"कोण वाजवतं?"

"मी."

मग त्याने विचारलं, "माझं क्वार्टर दोन खोल्यांचं आहे. भिंती पातळ आहेत. शेजारी त्रास होईल का?"

"वीज लावली नाही तर शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही."

"मग हरकत काय," दामाजी म्हणाला. "मी पहाटेच्या ड्युटीला असतो. दुपारी झोपतो. झोपेत मला काही ऐकू येत नाही."

ती लग्नाला हो म्हणाली. का म्हणाली, असं मंजुळाने विचारलं तेव्हा शेवंती म्हणाली की त्याने गिटारबद्दल जेवढं विचारायचं तेवढंच विचारलं.

लग्नानंतर आठवड्याने ती उरलेलं सामान न्यायला माहेरी आली. दामाजीची गाडी त्या दिवशी ठाण्याहून शीळफाटामार्गे कल्याणला जायची होती, म्हणून ती गिटार घेऊन स्टँडवर आली. कंडक्टर धाकू म्हणून होता, दामाजीचा जुना जोडीदार. त्याने गवसणी पाहिली.

"वहिनी, हे फळीवर मावणार नाही. टपावर टाका."

"टपावर ऊन आहे. सरस सुटेल."

"काय सुटेल?"

"चिकटवलेलं आहे ते. उन्हात उकलतं."

धाकूने दामाजीकडे पाहिलं. दामाजी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. "नियम काय आहे?" त्याने विचारलं.

"सीट अडवली तर पूर्ण तिकीट."

"मग फाड."

शेवंतीने दोन तिकिटं काढली. गिटार खिडकीशी उभी केली आणि स्वतः शेजारी बसली. शीळफाट्याला बरीच गर्दी चढली. भाजीची पाटी संपवून परत निघालेली एक म्हातारी, सखुबाई नावाची, कंडक्टरच्या ओळखीची, शेवंतीच्या सीटपाशी येऊन थांबली.

"ह्या गाठोड्याला तिकीट हाय?"

"आहे."

"दाखव बगू."

शेवंतीने तिकीट दाखवलं. म्हातारीने ते उलटसुलट करून पाहिलं, आजूबाजूच्या दोघांना दाखवलं आणि परत दिलं. आसपासचे लोक हसले. शेवंती उठली, म्हातारीला आपल्या जागेवर बसवलं, आणि एक हात वरच्या दांड्याला व दुसरा गवसणीच्या मानेला धरून कल्याणपर्यंत उभी राहिली. सखुबाई गिटारला टेकून झोपून गेली.

घरी आल्यावर दामाजी म्हणाला, "आरशात दिसत होतं मला. गाठोडं मांडीवर घ्यायचं होतंस."

"त्याचं तिकीट होतं."

"तुझंही होतं की."

"मला उभं राहता येतं," शेवंती म्हणाली.

दामाजीने शर्ट खुंटीला लावला. मग दोघांनी मिळून दुसऱ्या खोलीतलं धान्याचं पिंप सरकवून गिटारसाठी कोपरा मोकळा केला, बाहेरच्या भिंतीपासून लांब, कारण त्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरायची.

शेवंती कल्याणहून वागळे इस्टेटला जाऊन-येऊन नोकरी करत राहिली आणि पुढे कॉइल सेक्शनची सुपरवायझर झाली. काळुरामने स्वतःची पार्टी काढली तेव्हा त्याने तिला बोलावलं आणि दोन लग्नसराया ती त्याच्याबरोबर वाजवायला गेली. पण आता स्पीकर माणसाएवढे उंच झाले होते. कुठेही उभं राहिलं तरी गिटार घुमायची. काळुराम म्हणाला, आत कापूस भरून बघू. शेवंतीने भरून पाहिलं. घुमणं थांबलं आणि आवाजही गेला. तिने कापूस काढून टाकला आणि काळुरामला सांगितलं की पुढच्या वर्षापासून दुसरं कोणी बघा. त्याने फळीची नवी गिटार देऊ केली. ती तिने एक दिवस घरी ठेवली, वाजवून पाहिली, चांगली होती, आणि परत पाठवून दिली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या गिटारच्या जोगत्या तारा मिळेनाशा झाल्या. आहेत त्याच तारा ती उकळत्या पाण्यात घालून, पुसून परत चढवायची, पण चारही एकदम काढायची नाही, एकेक करून, म्हणजे घोडी जागची हलत नाही. हे काम ती रविवारी दुपारी करायची. दामाजी आतल्या खोलीत झोपलेला असायचा. तारा चढल्या की ती थोडा वेळ वाजवायची, एखादं गाणं असं नाही, नुसते सूर, वरून खाली. मग चहा ठेवायची आणि त्याला उठवायची.